पोच घेतली का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’ यावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो मोठ्या मनानं बदलून दिला. सॉफ्टवेअरच्या नोकरीत वीस वर्षांहून जास्त काळ काढल्यावर मला शाळेतल्या एका विषयाची फार आठवण येते. गणिताची नाही, विज्ञानाचीही नाही. आठवण येते ती इतिहासाच्या पुस्तकाच्या पाठीमागं जोडलेल्या नागरिकशास्त्राची. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ते शेवटी उघडायचो आणि मूलभूत हक्क पाठ करून झोपायचो. आज त्याच धड्यांबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, प्रश्नोत्तरं नाहीत.

मराठीच्या तासाला आपण अर्जलेखन शिकलो. वरती उजवीकडे पत्ता, खाली तारीख, ‘माननीय महोदय’, मग ‘कृपा करून’, ‘नम्र विनंती’, आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. बाईंनी तो साचा इतका घोटून घेतला की आजही झोपेत लिहू. पण अर्ज दिल्यावर पुढं काय करायचं, हे त्या साच्यात नव्हतं. पुस्तकातला अर्ज सहीपाशी संपतो. खरा अर्ज तिथून सुरू होतो. तो कोणाच्या हातात पडला, कोणत्या तारखेला पडला, आणि त्याला उत्तर कधी द्यायचं बंधन आहे, हे प्रश्न सहीनंतरचे आहेत. त्या सगळ्याची किल्ली म्हणजे आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हक्क कायद्यात लिहिला जातो, पण सरकारची जबाबदारी पोच दिल्या क्षणापासून मोजली जाते. पोच नाही, तर मोजणी नाही. मोजणी नाही, तर जबाबदारी नाही.

‘आज्ञाधारक’ हा शब्द आपल्याकडं मुरलेला आहे, त्याला कारण आहे. आपलं तेर दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणून ग्रीक व्यापाऱ्यांना माहीत होतं. इथला माल गाड्यांवरून भडोच बंदराला जायचा, हे ‘पेरिप्लस’मध्ये नोंदलेलं आहे. पण तेव्हापासून कालपरवापर्यंत इथला माणूस कोणाची ना कोणाची रयतच होता. आपले आजोबा-पणजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. तिथं कायदा फर्मानानं यायचा आणि मागणी ही विनवणीच असायची. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली आणि रयतेचे नागरिक झाले. बदल कागदावर एका दिवसात झाला. जिभेवरचं ‘मायबाप सरकार’ मात्र पुढच्या पिढ्यांत तसंच उतरलं.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ही गोष्ट असेल. लाल मिलो ज्वारी, सुकडी, नालाबांडिंग, पाझर तलाव हे शब्द आपण आज्यांच्या तोंडून ऐकले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आजी म्हणायची, “सरकारनं जगवलं गं माय.” त्यात कृतज्ञता होती आणि ती खरी होती. पण ‘जगवलं’ या शब्दात एक धोका आहे. जो जगवतो, त्यानं उद्या नाही जगवलं तर त्याला विचारता येत नाही.

याच दुष्काळातून महाराष्ट्रानं एक मोठं काम केलं. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली, मजुरांनी आणि विरोधी पक्षांनी ती रेटून धरली, आणि १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. ३७ वं कलम सांगतं की ही तत्त्वं राज्यकारभाराला मूलभूत आहेत, मात्र कोर्टात जाऊन ती बजावून घेता येत नाहीत. म्हणजे घटनेनं सरकारला ‘असं करावं’ म्हटलं. महाराष्ट्रानं कायद्यात लिहिलं, ‘असं करावंच लागेल’.

त्या कायद्याची बांधणी माझ्यासारख्या इंजिनिअरला फार आवडते. त्यात तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. काम कोणी द्यायचं? शासनानं, ठरलेल्या अधिकाऱ्यामार्फत. कधीपर्यंत? मागणी केल्यापासून १५ दिवसांत. आणि नाही दिलं तर? बेकारी भत्ता द्यायचा. आमच्या कंपनीत ग्राहकाची तक्रार आली की आम्हीही हेच तीन रकाने भरतो: कोण, कधीपर्यंत, आणि नाही झालं तर पुढं कोणाकडं. यातला एक रकाना जरी रिकामा राहिला, तर ती तक्रार सुटत नाही, पडून राहते. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच मुशीतून आला. दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्रानं ही गोष्ट देशाला दिली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आणि यात तुमचा-माझा थेट संबंध आहे. शाळेत पी.टी. म्हणजे कवायतीचा तास. पगारपत्रकावर पी.टी. म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये जातात. आपण त्याकडं बघतही नाही. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या नोकरदारानं गावातल्या मजुराच्या हक्काचा खर्च उचलायचा, असा तो करार होता. म्हणून गावाचं काय चाललंय हे विचारणं ही आपली हौस किंवा उपकार नाही. वर्गणीदाराला हिशोब विचारता येतो.

आता कडू भाग. कायद्यातला तो बेकारी भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांच्या हाती पडला. का? कारण १५ दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची? लेखी मागणीच्या तारखेपासून. मजूर तोंडी काम मागायचा. “बघू, काम निघालं की सांगतो,” असं उत्तर मिळायचं. लेखी मागणीसाठी नमुना ४ चा अर्ज होता, त्याची तारखेची पोच मिळायला हवी होती. ती मिळत नव्हती किंवा कोणी मागत नव्हतं. त्यामुळे घड्याळ सुरूच झालं नाही. कागदोपत्री त्या गावात काम मागणारं कोणी नव्हतंच. अख्ख्या राज्यानं रेटा देऊन केलेला कायदा, आणि तो अडला एका शिक्क्यापाशी.

नंतरच्या कायद्यांनी हे घड्याळ अधिक नेटकं बसवलं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही मोफत. ३० दिवसांत माहिती द्यायची, आणि माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, आणि तो त्यानं स्वतः भरायचा. मग २०१५ मध्ये महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा आला. दाखले, उतारे, नोंदी, परवाने अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा त्यानं हक्क केला. कोणती सेवा किती दिवसांत, फी किती, अधिकारी कोण, पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडं, याचा फलक कार्यालयात लावायचा. अर्जाला क्रमांक आणि पोच द्यायची. नाकारलं तर कारण लेखी द्यायचं. कसूर झाली तर ५०० ते ५,००० रुपये दंड. दोन अपिलांनी भागलं नाही तर वर आयोग आहे.

आज या सभागृहात किती जणांनी असा फलक थांबून वाचला आहे? हात वर करू नका, मी मोजणार नाही.

माहिती अधिकाराबद्दल एक काळजी मात्र बोलून ठेवते, कारण ती माझ्या धंद्याशी जोडलेली आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेनं केला. असा कायदा हवाच होता. आपली माहिती कोण कुठं विकतंय हे मी रोज बघते. पण त्याच कायद्यानं माहिती अधिकाराचं एक कलमही बदललं. आधी खासगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे बघावं लागायचं. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथं लिहिलेलं होतं. नव्या बदलात ही वाक्यं गेली. जनहितासाठी माहिती देण्याची वेगळी तरतूद अजून शिल्लक आहे. पण रोहयोच्या हजेरीपटावर नावं असतात, आणि ती नावं वाचूनच राजस्थानातल्या मजुरांनी नव्वदच्या दशकात जनसुनावणीत खोटी हजेरी उघडी पाडली होती. माहिती अधिकाराची चळवळ तिथून उभी राहिली. उद्या ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून हजेरीपट बंद झाला तर नागरिकाचं संरक्षण झालं की कंत्राटदाराचं, हे विचारायला हवं.

आता संगणकाकडं येते, नाहीतर संयोजकांना वाटेल मी विषय फारच बदलला.

सरकारी सेवा ऑनलाइन झाल्या, हे चांगलं झालं. सातबारा मोबाइलवर बघता येतो, अर्जाची स्थिती घरबसल्या कळते. चिरीमिरी काही ठिकाणी खरोखर कमी झाली. पण संगणकानं एक नवं उत्तर तयार केलं: “सर्व्हर डाऊन आहे.” जुन्या काळी साहेब नाही म्हणायचा, तेव्हा निदान नाही म्हणणारा माणूस समोर असायचा. सर्व्हरशी भांडता येत नाही.

माझ्या चुलतीची निराधार पेन्शन मध्येच बंद झाली. कुठल्या कार्यालयात, ते महत्त्वाचं नाही, कुठंही हेच झालं असतं. ती चार वेळा गेली. एकदा सर्व्हर नव्हता, एकदा अंगठा उमटला नाही. उभा जन्म खुरपं आणि सरपण हाताळलेल्या बाईचा अंगठा तो, त्यावर रेषा राहिल्याच नव्हत्या. एकदा संबंधित माणूस मीटिंगला गेला होता, एकदा ‘पुढच्या महिन्यात येईल’ असं सांगितलं. प्रत्येक वेळी एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली. मी दिवाळीला आले तेव्हा मला हे कळलं.

इंजिनिअर म्हणून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा. चुलतीच्या या चार खेपा संगणकात कुठं नोंदल्या आहेत? कुठंच नाही. अर्ज भरलाच गेला नाही, तर तो अर्ज व्यवस्थेच्या लेखी जन्मालाच आला नाही. वर्षाअखेरीला अहवाल निघेल, ‘प्राप्त अर्जांपैकी इतके टक्के मुदतीत निकाली’. तो आकडा खरा असेल. त्यात कोणी खोटं बोललेलं नसेल. फक्त दारातून परत गेलेली माणसं त्यात नसतील. माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी काचेच्या केबिनमध्ये बसून बनवलेल्या तक्त्यांवर राज्याचे निर्णय होतात, आणि त्या तक्त्यांत चुलतीला जागाच नाही.

आम्ही काय केलं? काही मोठं नाही. साध्या कागदावर अर्ज लिहिला. किती तारखेपासून पेन्शन बंद आहे, कोणत्या चार दिवशी आली होती, आणि बंद करण्याचं कारण लेखी कळवावं, एवढंच. दोन प्रती केल्या. टेबलावरचा माणूस म्हणाला, “ठेवून जा.” चुलती म्हणाली, “पोच द्या साहेब, मी बसते.” आणि खरंच बाकावर बसली. अर्ध्या तासानं शिक्का मिळाला. तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. आधारवर तिचं नाव एक आणि बँकेत दुसरं, वेलांटीचा फरक. ते दुरुस्त करून पेन्शन सुरू झाली. मधल्या सगळ्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत, त्यासाठीचा अर्ज अजून चालू आहे, आणि त्याचीही पोच तिच्या ट्रंकेत आहे. पैसे सुरू झाले याहून मला मोठं वाटलं ते “मी बसते” म्हणणं. मायबाप सरकारपुढं उभी राहणारी बाई नागरिक म्हणून बसली.

इथं बसलेल्या माझ्या काही वर्गमित्रांच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. आपल्या बॅचमध्ये ग्रामसेवक आहेत, तलाठी आहेत, शिक्षक आहेत. एकेकाच्या गळ्यात दोन-तीन गावं, जागा रिकाम्या, वरून रोज नवा ॲप आणि नवा तक्ता. लोक त्यांच्यावर ओरडतात आणि साहेबही त्यांच्यावरच ओरडतात. म्हणून सांगते, पोच ही तुमच्याविरुद्धची वस्तू नाही. एका माणसाकडं महिन्याला किती अर्ज येतात, हे नोंदलेलं असेल तरच दुसरा माणूस मागता येतो. सर्व्हर किती दिवस बंद होता याची नोंद असेल तरच ठेकेदाराला जाब विचारता येतो. यंत्रणा खासगी कंपनीनं बनवली असेल, केंद्र कोणी खासगी माणूस चालवत असेल, तरी कायद्यापुढं जबाबदार सरकारच असतं. ती जबाबदारी वरच्यांनी झटकून तुमच्या टेबलावर टाकू नये, यासाठीही कागद लागतो.

आपण गोरोबाकाकांच्या गावचे. गोरोबांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यांवर हाणून पाहिलं, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही. ज्यानं मार लागल्याची तक्रार केली, तो कच्चा ठरला. मला वाटतं कारभाराची परीक्षाही अशीच घ्यावी. साधी पोच मागितल्यावर जे कार्यालय शांतपणे शिक्का मारतं, ते भाजून निघालेलं आहे. जिथं नुसत्या पोचेवर आवाज चढतो, तिथं मडकं अजून कच्चं आहे. सत्तेवर कोणता पक्ष आहे यानं ही परीक्षा बदलत नाही. आपण निवडणुकीत एका दिवसासाठी राजे होतो आणि उरलेली पाच वर्षं टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांच्या नावानं भांडतो. थापटणं हातात घ्यायचं काम त्या मधल्या पाच वर्षांतलं आहे.

म्हणून या स्नेहमेळाव्यापुढं मी तीन साध्या गोष्टी ठेवते.

पहिली, महिन्यातून एक रविवार शाळेच्या एका वर्गात ‘अर्ज मदत’ चालवायची. गावात राहणारे दोघे आणि बाहेरून फोनवर दोघे पुरेत. अर्ज लिहून द्यायचा, दोन प्रती करायच्या, पोच घ्यायला शिकवायचं. दलाली नाही, ओळख लावणं नाही. ओळखीनं एकाचं काम होतं, पोचेनं रांगेतल्या सगळ्यांचं होतं.

दुसरी, नववी-दहावीच्या मुलांकडून अर्जलेखनाचा पुढचा भाग करून घ्यावा, अशी सर आणि बाईंना विनंती. एकेका मुलानं घरातलं एक खरं काम घ्यावं, त्याची मुदत फलकावरून शोधावी, अर्ज द्यावा आणि पोच वहीला चिकटवावी. ‘आपला आज्ञाधारक’च्या जागी ‘आपला विश्वासू’ लिहिलं तरी मराठीचं काही बिघडणार नाही.

तिसरी, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात, आणि त्याच सुट्ट्यांना आपण गावी येतो. झेंडावंदन करून फोटो काढून परत जाण्याऐवजी ज्यांचं नाव इथल्या मतदार यादीत आहे त्यांनी सभेला बसावं, बाकीच्यांनी घरच्यांना पाठवावं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. मैत्रिणींनो, ती होते का, एवढं तरी विचारूया. विचारल्याचं इतिवृत्तात लिहायला सांगूया.

‘अर्ज मदत’ची वही मी पाठीमागच्या टेबलावर ठेवली आहे. नाव लिहा, आठवड्यातला कोणता वार जमेल ते लिहा. आणि हो, नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाला पोच मिळेल.